ऐतवारची तपासणी

गाडी बडनेऱ्याला जेमतेम काही मिनिटं थांबते, म्हणून आम्ही दीड तास आधी फलाटावर जाऊन बसलो होतो. बाबांचा नियम. जन्मभर रेल्वेची नोकरी केलेल्या माणसाचा रेल्वेवर इतका अविश्वास मी दुसरीकडे पाहिला नाही. नवरा सामानाभोवती फेऱ्या मारत होता, आमची सहा वर्षांची लेक मैत्री एका बोचक्यावर बसून केळं खात होती, आणि मी, सदतीस वर्षांची बाई, जयपूर म्हणजे चंद्र असल्यासारखी डोळे पुसत होते. त्याला आता अकरा वर्षं झाली.

नवऱ्याच्या औषधकंपनीने त्याला जयपूरला धाडलं आणि मी रेल्वेच्या ऑफिसातली माझी बदली मागून घेतली. मागून घेतलेल्या बदलीत सेवाज्येष्ठता जाते. म्हणजे नव्या ऑफिसात मी माझ्याहून दहा वर्षांनी लहान पोरापोरींच्या खाली जाऊन बसणार होते. त्याचंही थोडं रडू त्या रडण्यात होतं, ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

लांबून इंजिन दिसलं तेव्हा बाबा म्हणाले, "ऐतवार सोडू नोको पोरी. बाकी सारं सुटलं तरी चालते." आणि डबा समोर येऊन थांबला तेव्हा आईने माझा दंड धरला आणि कानाशी येऊन सांगितलं, "तिथं कोनं इचारलंच त मराठी आहो म्हनजो. जास्त सांगत बसू नोको."

मी आज्ञाधारक मुलगी. दोघांचंही ऐकलं. पुढची सात वर्षं आठवड्यातला एक दिवस बाबांचं ऐकलं आणि सहा दिवस आईचं.

हे लिहिते आहे ते बडनेऱ्यात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी, आणि जे माझ्यासारखेच निघून सुरतेला, हैदराबादला, कुठल्या कुठे जाऊन बसलात त्यांच्यासाठी. तुमच्यासाठी जरा जास्तच. तुमच्या घरात काय चालतं ते तुम्ही फोनवर न सांगताही मला कळतं.

आमच्या घरचा ऐतवार तुम्हाला आठवतच असेल, तरी तुमच्या पोरांसाठी सांगते. बाबा की-मॅन होते. रोज सकाळी हातोडी आणि पाना घेऊन रुळाच्या कडेने मैलोन्‌मैल चालायचं, सैल झालेली चावी दिसली की ठोकून घट्ट करायची. ऐतवारी मात्र ते पांढरा सदरा घालून बुद्धाच्या पितळी मूर्तीसमोर बसायचे आणि आम्हा सगळ्यांना बसवायचे. मेणबत्ती, फुलं, वंदना, पंचशील. ते झालं की इतर घरांत पोरं खेळायला पळायची. आमच्याकडे तपासणी असे. "रूळ रोज तपासा लागते, मानूस आठोड्यातून एकडाव," असं म्हणून बाबा लहानापासून सुरुवात करायचे. या आठवड्यात कोणतं शील मोडलं, ज्याचं त्याने सांगायचं. शिक्षा नव्हती. फक्त सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं, आणि ती शिक्षेहून वाईट गोष्ट होती.

पहिलं शील हिंसा न करण्याचं. त्यात आम्ही भावंडं डास घालायचो. दुसरं चोरीचं, त्यात शेजारच्या आवारातले पेरू. तिसरं शील आलं की बाबा खाकरून पुढे जायचे. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे आम्ही इतके घुटमळायचो की त्या घुटमळण्यावरूनच बाबांना सगळं कळायचं. पाचवं दारूचं, आणि ते आलं की आमचे काका पाणी प्यायला उठून जायचे. सगळ्यांत शेवटी बाबा स्वतःचं सांगायचे. एकदा ते म्हणाले होते, "मंगळवारी पाय दुखत होता. पुलाच्या पलीकडचा तुकडा पाह्यला नाही, अन् साहेबाले पाह्यला म्हून सांगतलं. बुधवारी पाह्यटे जाऊन पाहून आलो." त्या दिवशी कोणीच हसलं नाही.

तर हा ऐतवार घेऊन मी जयपूरला आले. रेल्वेची क्वार्टर मिळायला वेळ होता आणि मैत्रीच्या शाळेपासून लांबही होती, म्हणून वैशाली नगरात एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खाली घरमालकीण विमला आंटी. साठीच्या, गोऱ्या, ठसठशीत, आणि प्रेमळ. हो, प्रेमळ. ते मी मुद्दाम आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही त्यांना खलनायिका करणार नाही. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्यासाठी कढी आणि बाजरीची रोटी वर पाठवली. दुसऱ्या दिवशी वाटी परत करायला गेले तर म्हणाल्या, "बेटा, महाराष्ट्र में आप लोग... मतलब, कौन?"

आमचं आडनाव वानखडे. विदर्भात हे आडनाव कितीतरी समाजांत सापडतं. त्यावरून तिकडच्या मुरलेल्या माणसालाही पटकन अंदाज येत नाही, मग जयपूरच्या आंटींना काय येणार? मी म्हटलं, "मराठी हैं, आंटी जी." आंटींचा चेहरा फुलला. "अरे वाह! मतलब गणपति वाले!"

त्या क्षणी मी नाही म्हणायला हवं होतं. मी हसले. जयपुरात जास्त काळ राहिलं की कळतं, इथे मराठी माणूस म्हणजे गणपतीचा अधिकृत प्रतिनिधी. त्या भाद्रपदात कॉलनीच्या गणपतीची आरती माझ्याकडे आली आणि मोदकही. मी जन्मात उकडीचे मोदक केले नव्हते. आमच्या आज्याने दीक्षा घेतली तेव्हा देवपूजा करणार नाही अशी प्रतिज्ञा घेतली होती. आमच्या घरात तीन पिढ्यांत मोदकाचं भांडंसुद्धा आलं नव्हतं. मी फोनवर व्हिडिओ लावून शिकले. पहिल्या वर्षीचे मोदक वाफेत बसकण मारून बसले. मी त्या सपाट गोळ्यांचं ताट खाली नेलं आणि ठणकावून सांगितलं, "हमारे विदर्भ में ऐसे ही बनते हैं." बायकांनी माना डोलावल्या. विदर्भातल्या तमाम सुगरणींची मी इथे जाहीर माफी मागते.

एक सांगून ठेवते. गणपतीशी माझं भांडण नव्हतं, आजही नाही. ज्या बायका मनापासून त्याच्यासमोर उभ्या राहतात त्यांच्याशी तर मुळीच नाही. माझ्या मनात नव्हतं आणि मी पुढे उभी राहून ताम्हण फिरवत होते, एवढंच ते होतं.

आणि ऐतवार? ऐतवार सोडला नाही! मागच्या खोलीत, पडदा ओढून, दार लावून, हळू आवाजात आम्ही तिघं वंदना म्हणायचो. कोणी बाहेरून डोकावलं असतं तर आत पत्ते चाललेत असं वाटलं असतं. ज्यांच्यामुळे माझ्या आज्याने धम्म घेतला आणि माझा बाप शाळेत गेला, त्यांची निळ्या कोटातली तसबीर कपाटाच्या आत, साड्यांच्या मागे होती. बाबांचा फोन ऑफिसात आला की मी जिन्यात जायची, कारण बाबा "जय भीम" म्हणतात आणि आपण उलट म्हणेपर्यंत पुढचा शब्द काढत नाहीत. सात वर्षांत त्या जिन्याची प्रत्येक पायरी मला पाठ झाली.

बुद्ध मात्र हॉलमध्ये होता. जयपुरात बुद्ध कोणाच्याही हॉलमध्ये असतो, शोपीस म्हणून. आंटींच्याकडे चपलांच्या कपाटावरच एक होता, पोटात दिवा लागणारा. त्यामुळे आमचा पितळी बुद्ध कोणाच्या डोळ्यांत येत नसे. बाबांनी निवृत्त झाल्यावर स्वतःच्या हाताने बांधून तो माझ्याकडे दिला होता. एके दिवशी आंटींच्या भाचीने तो उचलून पाहिला आणि विचारलं, "भाभी, बहुत सुंदर पीस है. कहाँ से लिया?"

मी म्हटलं, "ऑनलाइन."

मैत्री तिथेच बसून गृहपाठ करत होती. तेरा वर्षांची झाली होती. तिने वर पाहिलं आणि परत वहीत डोकं घातलं.

त्या रविवारी वंदना झाली, तपासणी सुरू झाली. मैत्रीने तिचं सांगितलं: मैत्रिणीचं पेन परत दिलं नाही. नवऱ्याने त्याचं सांगितलं: बॉसला ताप आहे म्हणून सांगून घरी मॅच पाहिली. माझी पाळी आली. मी म्हटलं, "गुरुवारी दोन डास मारले."

मैत्री म्हणाली, "आई, तू ना, हर हफ्ते मच्छरच मारते."

"मग? आहेत डास."

"मतलब, सात साल में तू फक्त मच्छर मारले? चौथं शील तुझं एकदम क्लीन आहे?" तिचं मराठी हे असं आहे, अर्धं शाळेतून आणलेलं. पण प्रश्न अगदी बडनेऱ्याचा होता. मी तिच्या बापाकडे पाहिलं. तो मेणबत्तीची वात सरळ करण्यात फार गुंतला होता. मैत्री पुढे म्हणाली, "आणि दार बंद का असतं आपलं? हम कुछ गलत तो नहीं कर रहे ना?"

मी चिडले. आई म्हणून तो माझा हक्क होता. "तुला काही कळत नाही, लोक कसे असतात, घर मिळायला काय करावं लागतं" वगैरे सगळं म्हणून झालं, आणि म्हणताना मला माझ्याच तोंडून माझ्या आईचा आवाज ऐकू आला. आईचं मी समजू शकत होते. लग्नानंतर बाबांची बदली झाली तेव्हा एका गावात जात कळल्यावर घरमालकाने तिची भांडी अंगणात आणून ठेवली होती. मोठा भाऊ तेव्हा तिच्या पोटात होता. तिची भीती तिने कमावलेली होती. मी मात्र ती आयती घेतली होती आणि आता पोरीच्या हातात देत होते. मैत्री त्या दिवशी जेवली नाही. तिने एवढंच म्हटलं, "मग तपासणी बंद कर ना. कशाला करायची?"

खरं सांगते, या एका प्रश्नाने मला जे घाबरवलं ते कुठल्याही घरमालकाने घाबरवलं नव्हतं. घर गेलं तर दुसरं मिळेल. पोरीच्या मनात एकदा बसलं की आईचा धम्म हा पडद्यामागे खेळायचा खेळ आहे, तर मी तिला दुसरं काय देणार होते? माझ्याकडे शेती नाही, दागिने नाहीत. बापाने दिलेला एक रविवार आहे.

पंधरा दिवसांनी आंटींच्या पोर्चमध्ये गणपतीची बैठक होती. आठ-दहा बायका, चहा, कचोरी. आंटींनी नेहमीसारखी घोषणा केली, "आरती तो हमारी वानखडे भाभी ही करेगी. असली महाराष्ट्रियन है!"

मी म्हटलं, "आंटी जी, इस बार मैं नहीं कर पाऊँगी."

"क्यों बेटा? दिन पड़ रहे हैं क्या?"

"नहीं, नहीं."

"सूतक लग गया? कोई गुजर गया?" दुसरीने विचारलं.

"ऑफिस में छुट्टी नहीं होगी," तिसरीने परस्पर उत्तर दिलं.

बघा, माणसं किती चांगली असतात. मला खोटं बोलायला लागू नये म्हणून तीन थापा त्यांनीच तयार करून माझ्यासमोर ठेवल्या. मी हात लांब करून एक उचलायची, एवढंच बाकी होतं. आणि हात जाणारही होता. ऑफिसवाली मला पसंतसुद्धा पडली होती. पण माझ्या शेजारी मैत्री कचोरी खात बसली होती, आणि ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती पाहत नव्हती याचंच मला जास्त झालं.

मी म्हटलं, "आंटी जी, हम बौद्ध हैं. हमारे घर में देवी-देवताओं की पूजा-आरती नहीं होती. आपकी आरती में आऊँगी, पीछे खड़ी रहूँगी, प्रसाद बाँटूँगी. लेकिन थाली नहीं उठाऊँगी."

"अरे तो क्या हुआ!" आंटी मोकळं हसल्या. "बुद्ध जी तो हमारे भी हैं."

एक जण मात्र हिशेबी निघाली. कप खाली ठेवत म्हणाली, "महाराष्ट्र के बौद्ध... मतलब, एस.सी.?"

मी म्हटलं, "जी." मग मला वाटलं, एवढं बोललेच आहे तर पुरतंच बोलावं. "सात साल मैंने आप लोगों से झूठ बोला. माफ़ी उसकी माँगती हूँ. और किसी बात की नहीं."

वाक्य फार बाणेदार झालं असं तुम्हाला वाटेल. त्यानंतर लगेच उठताना मी स्वतःच्याच ओढणीवर पाय दिला. पण जिना चढताना मैत्रीने माझा हात धरला. तेरा वर्षांची मुलगी आईचा हात कधी धरते? नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "चला, मोदक तरी सुटले."

कोणी भांडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. आंटींकडची आणि माझी वाटी सात वर्षं जिन्यावरून खालीवर होत होती. त्यांच्या रीतीत वाटी रिकामी परत करत नाहीत, कढी गेली की खीर येते. बैठकीनंतर मी झुणका पाठवला. वाटी परत आली, घासूनपुसून, रिकामी. महिन्याभराने आंटी वर आल्या आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "बेटा, छोटे वाले की शादी का सोच रहे हैं. ऊपर का हिस्सा लगेगा." त्याला चार वर्षं झाली. छोटा अजून बिनलग्नाचा आहे. त्याच्या लग्नाची माझ्याइतकी वाट त्याची आईसुद्धा पाहत नसेल.

बाबांना फोन केला, ऑफिसातूनच, माझ्या खुर्चीवर बसून. "जय भीम" म्हटलं तेव्हा समोरच्या टेबलावरच्या बाबूने मान वर केली. करू दे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "सात वर्स?"

"हो बाबा."

"दर ऐतवारी डास सांगत होती?"

"हो."

"लयच डास हायेत बुवा जयपुरात," ते म्हणाले. नंतर फोनवर आई आली. "मीच सांगतलं होतं तुले," एवढं म्हणाली आणि रडायला लागली. मी म्हटलं, आई, तुझं चुकलं नव्हतं. तुझी भांडी अंगणात आली होती. माझी अजून ओट्यावरच आहेत.

नवं घर शोधायला जवाहर नगरात फिरलो. या वेळी मी ठरवलंच होतं, दारातच सांगायचं, चपला काढायच्या आधी. दलाल रडकुंडीला आला. "मैडम, ये सब बताने की क्या ज़रूरत है? आप लोग तो लगते भी नहीं!"

"भैया, सात साल नहीं लगी. अब लगने दो," मी म्हटलं. तो गाडी चालवताना आरशात माझ्याकडे बघत राहिला, बहुतेक आपलं कमिशन बुडालं हे बघत.

पहिल्या घरी फ्लॅट कालच गेला होता. दुसऱ्या घरी, आम्ही गेटातून आत येईपर्यंत रिकामा होता. तिसऱ्या घरच्या बाईने पाणी विचारलं आणि मग आणलं नाही. चौथ्या दारात एक म्हातारे सरदारजी बनियनवर उभे होते. मी माझं भाषण केलं: बौद्ध आहोत, एस.सी. आहोत, रविवारी सकाळी वंदना असते, आवाज येतो. त्यांनी कानामागे हात धरला. मी सगळं पुन्हा म्हटलं, ओरडून. अख्ख्या गल्लीने ऐकलं. ते म्हणाले, "आवाज़ आती है तो दरवाज़ा खुला रखना. मैं ऊँचा सुनता हूँ, अकेला हूँ, थोड़ी रौनक रहेगी."

सामान निघालं त्या सकाळी विमला आंटी फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. मी वाट पाहिली. त्या म्हणाल्या, "उधर पानी ठीक आता है?" मी म्हटलं, "आता है, आंटी जी." त्यांनी मैत्रीच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. त्याचा अर्थ मला अजून नीट लावता आलेला नाही, आणि मी आता त्याचा त्रासही करून घेत नाही.

तुम्ही म्हणाल, मिळवलं काय बाई तू? घर बदललं, ऑफिसातल्या दोघी-तिघी डबा उघडताना खुर्ची सरकवून बसतात, आणि ताठा वाढला. असेल. पण सुरतवाल्यांनो, हैदराबादवाल्यांनो, एक विचारते. आपण शील घेताना म्हणतो, मी स्वीकारतो. कोणी लादलेलं नाही, मी स्वतःहून घेतो. मग ते घ्यायचं घरात आणि ठेवायचं घरात, हे कसं काय? माझा बाप कोणी पाहत नसलेल्या रुळावर वाकून बघायचा, कारण त्याच्यावरून गाडी जाणार असते. आपल्यावरून आपली पोरं जाणार आहेत. घाबरू नका असं मी म्हणत नाही. मीही अजून घाबरते, दर नव्या ओळखीला. भीती आली की बोलून टाकायचं, मग ती जाते. न बोलता ती कधी गेलेली मला माहीत नाही.

पूर्वी घर म्हटलं की मला बडनेरा दिसायचं. इकडचं सगळं तात्पुरतं, भाड्याचं, पुढच्या बदलीपर्यंतचं. आता मैत्री सतरा वर्षांची आहे. कॉलेजच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात तिने स्वतःच्या हाताने जे लिहायचं ते लिहिलं, मला विचारलंसुद्धा नाही. तो फॉर्म जवाहर नगरातल्या जेवायच्या टेबलावर भरला गेला, आणि मला वाटलं, झालं, आता हे भाड्याचं राहिलं नाही.

जयपूरला याल तेव्हा घराचा नंबर लिहून आणू नका, तसाही आमच्या सेक्टरात नंबरांचा काही भरवसा नाही. बाजाराच्या तोंडाशी भाजीचा ठेला लावणाऱ्या भैयाला विचारा. वानखडे म्हणाल तर त्याला कळणार नाही. "वो बौद्ध वाले" म्हणा. तो हातातली मेथी तशीच धरून तुम्हाला गल्लीच्या टोकापर्यंत आणून सोडेल. त्याला मीच सांगून ठेवलं आहे.